समुद्राकडं पाठ

मराठवाड्यात भूमच्या पुढं असलेल्या आमच्या गावची नदी बहुतेक वर्ष कोरडीच असते. तिच्या वाळूत मी बीच हँडबॉल शिकले. चुलते पारावरून म्हणायचे, "समुद्र बघितला न्हाय अन् चालली समुद्रावरचा खेळ खेळायला! ते बी आखूड चड्डीवर!" मी त्यांच्यासमोरूनच, पाठ फिरवून सरावाला जायचे.

खेळायला उतरताना आम्ही पोरी वाळू आधी कपाळाला लावायचो, तालमीत पैलवान माती लावतात तशी. परदेशात, समुद्रकिनारी भारताच्या युवा संघातून खेळतानाही मी तेच केलं. पण या खेळात बदली खेळाडूनं पळतच आत शिरायचं असतं. मी वाकले तेवढ्यात समोरच्यांनी गोल ठोकला. प्रशिक्षक बाई ओरडल्या, "सोड ते आता!"

सोडते कशाला? पुढच्या वेळी पळता पळताच चिमूटभर वाळू उचलून कपाळाला फासली, चेंडू घेतला, हवेत पूर्ण गिरकी मारली आणि गिरकीला मिळतो तो दोन गुणांचा गोल केला.

सामना हरलो. गावी आल्यावर चुलत्यांनी हसत विचारलं, "मग, दिसला का समुद्र?"

"न्हाय काका. त्याच्याकडं पाठ फिरवूनच खेळले. सरावाला जाताना तुमच्याकडं फिरवायचे, तशीच."