शुक्रवारची सेमी, रविवारची फायनल आणि अळणी

कोल्हापूरच्या स्टँडवर उतरले तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते. नाशिकपासून बसमध्ये आखडलेली कंबर अजून सरळ व्हायची होती. समोरच्या रिक्षाच्या हँडलला जांभळा झेंडा बांधलेला होता. मी राजारामपुरी म्हटलं, तशी रिक्षावाल्याने मान वळवून मला नीट पाहून घेतलं.

"पावणं, मॅचला आलाय व्हय?"

"मैत्रिणीकडे आलेय. तिचा मुलगा फुटबॉल खेळतो. संग्राम."

त्याने रिक्षा थेट रस्त्याच्या कडेलाच घेतली. "आमचा कॅप्टन! त्येला सांगा, यंदा कप आणायचाच. पेठंची मानसं लई दमली आता वाट बघून." मग राजारामपुरीपर्यंत मला गेल्या दोन वर्षांच्या दोन हरलेल्या फायनली मिनिटामिनिटाने ऐकाव्या लागल्या.

मी आहारतज्ज्ञ आहे. नाशिकमध्ये सायकलवाल्यांना आणि मॅरेथॉनवाल्यांना काय खावं ते सांगते, आणि ते ऐकतातही, त्यामुळे मला थोडा माज आहे. सुनंदा माझी हॉस्टेलची मैत्रीण. फोनवर तिने एवढंच सांगितलं होतं, "तू ये. संग्रामचा हा शेवटचा सीझन आहे." संग्राम चौतिशीचा. पंधरा वर्षं पेठेच्या तालमीकडून (तालीम म्हणजे पेठेतलं व्यायामाचं आणि खेळाचं मंडळ) खेळतोय आणि कपाला त्याचा हात एकदाही लागलेला नाही.

चहा घेताघेताच मी चौकशी सुरू केली. संग्राम म्हणाला, "मावशी, दोन्ही वर्षी शेवटच्या पंधरा मिनटात पोटऱ्यात गोळं आलं. गेल्या साली त्यांचा गोल मी मैदानात आडवा पडून बघितला."

"सेमी आणि फायनलच्या मध्ये काय खाल्लं होतं?"

तो खुलला. "सेमी जिंकलं की तालमीत तांबडा-पांढरा रस्सा, सुकं मटन. दुसऱ्या दिवशी सकाळी मिसळ. दुपारी एकाकडं जेवन, संध्याकाळी दुसऱ्याकडं. न्हाय म्हनता येत न्हाय की. मानसं मटन शिजवून वाट बघत बसत्यात."

मी कपाळावर हात मारला. हरण्याचं कारण शोधायला नाशिकहून यायची गरजच नव्हती. त्यातून यंदा मैदानाचं काही काम निघाल्याने सामने आवळले होते: सेमी शुक्रवारी, फायनल रविवारी. फायनलला पोचलेला दुसरा संघ बुधवारीच जिंकून मोकळा झाला होता.

शुक्रवारी स्टेडियमवर गेले. कोल्हापूरचा फुटबॉल मी पहिल्यांदा पाहत होते. आजोबांपासून कडेवरच्या पोरीपर्यंत सगळी पेठ पायऱ्यांवर बसलेली, आणि प्रत्येकाला कोचपेक्षा जास्त कळत होतं. माझ्या शेजारच्या काकू शेंगा सोलता सोलता ओरडत होत्या, "आरं इंगेवर दे की! इंगेवर!" इंगेवर म्हणजे विंगेवर, हे मला हाफटाइमला समजलं. आपण दोन-एकने जिंकलो. 'आपण' हा शब्द माझ्या तोंडून कधी निघाला ते कळलं नाही.

सामना संपताच हलग्या कडाडल्या, गुलाल उडाला. पोरांना खांद्यावर घेऊन मिरवणूक तालमीकडे निघाली, आणि मी तिच्याआधी पोचावं म्हणून सुनंदाच्या स्कूटरवर बसून बोळाबोळांतून गेले.

तालमीच्या मागच्या अंगणात चुलीवर दोन मोठी पातेली होती. एकात तांबड्या रश्शाची तर्री बोटभर चढली होती. पातेल्यापाशी बाबालालचाचा उभे होते. चाचा एकेकाळचे संघाचे गोलकीपर, आणि गेली वीस वर्षं पोरांना तेच जेवू घालतात. मी नमस्कार केला आणि, नाशिकच्या सवयीने, सरळ मुद्द्यावर आले.

"चाचा, गेली दोन वर्षं पोरं या तर्रीमुळे आखडली."

कांदा चिरणारे हात थांबले. चाचांनी पळी खाली ठेवली. सुनंदाने माझा दंड चिमटला.

"वीस वर्षं घालतोय ताई मी," चाचा हळू म्हणाले. "सोताची पोरं उशिरा जेवली, पर ह्यास्नी गरम वाढलं." मला शरमल्यासारखं झालं. पण त्यांनीच पुढे विचारलं, "बोला मग. काय घालू?"

मी सांगितलं. पळून पळून पायातली साखर संपलेली असते. ती लवकर भरून यायची तर सामना झाल्या-झाल्या भात लागतो, पाणी लागतं, घामातून गेलेलं मीठ लागतं, थोडं मऊ मटण चालतं. तेल पोटात रेंगाळतं आणि झोप बिघडवतं.

चाचांनी दुसऱ्या पातेल्याचं झाकण काढलं. आत पिवळसर, पातळ, वाफाळतं पाणी होतं. "मग ही काय हाय?"

ती अळणी होती (मटण हळद, आलं-लसूण घालून शिजवलं की तिखट-मसाला पडण्याआधी निघतं ते पाणी). मी वाटीभर प्याले. वरची चरबी काढली आणि मीठ वाढवलं, तर माझ्या सगळ्या तक्त्यांत मिळून इतकं चांगलं काही नव्हतं.

"हेच पाहिजे, चाचा."

"ही आमी बाळंतिणीला देतो, आजाऱ्याला देतो. पोरं काय आजारी हायत व्हय?"

"आजच्यापुरती आहेत. एवढं पळून आलेला माणूस आजाऱ्याइतकाच रिकामा असतो."

चाचांनी चुलीतलं एक लाकूड मागे ओढलं. बाहेर हलगी जवळ येत होती. मग त्यांनी तांबड्या पातेल्यावर परात पालथी घातली. "ह्यो बघ्यांस्नी वाढा. पोरास्नी भात आन् अळणी. हरलो तर पेठ म्हनंल, चाचानं पोरं उपाशी मारली. ते माझ्या डोस्क्यावर."

पोरांची तोंडं बघण्यासारखी झाली. जिंकून आलेल्या माणसापुढे भाताचा ढीग, वर फिकं पाणी आणि चार मऊ फोडी. पण चाचांपुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. संग्रामने पहिला घास घेतला आणि मग सगळे मुकाट जेवले. पोरांची झोप मोडू नये म्हणून हलगीवाल्यांना चाचांनीच रविवारपर्यंत सुट्टी दिली.

शनिवारी सकाळी माझा माज उतरला. राजारामपुरीतून मी ओट्स आणले होते. अठरा वाट्या भरून मांडल्या. लेफ्ट बॅक अदबीने म्हणाला, "मॅडम, ह्ये म्हशीला घालत्यात न्हवं?" शेवटी ते खरोखरच शेजारच्या गोठ्यात गेले, आणि म्हशीनेही वास घेऊन तोंड फिरवलं. चाचांनी तोवर पोह्यांना फोडणी दिली होती. सोबत केळी, आणि गूळ-लिंबू-मीठ घातलेल्या पाण्याची कळशी. मी गुपचूप पोह्यांची बशी उचलली.

दिवसभर चाचा तालमीच्या पायरीवर खुर्ची टाकून बसले होते. आमंत्रणं येतच होती. एकाने सकाळीच बोकड कापला होता, एकीची भाकरी तव्यावर होती. चाचा प्रत्येकाला एकच सांगत, "उद्या संध्याकाळी. आज पोरं झोपल्याती." दोन घरं रुसली. एक म्हातारे तर, "बाबालाल, तू फिरलास," असं म्हणून निघून गेले. ते चाचांना लागलं, पण ते खुर्चीवरून उठले नाहीत. आत पोरं खरंच झोपली होती. ऊन उतरल्यावर ती रंकाळा तलावाच्या काठाने अर्धा तास पाय मोकळे करून आली, पुन्हा भात-अळणी.

रविवारी मी फुटबॉल पाहिलाच नाही, पोटऱ्या पाहिल्या. पहिल्या अर्ध्यातच आपल्यावर गोल झाला आणि मागून कुणीतरी म्हणालं, "अळणी खाऊन काय कप येतोय व्हय." चाचा माझ्या पुढच्या पायरीवर बसले होते. त्यांची मान वळली नाही.  मी चार दिवसांसाठी आलेली पाहुणी, चाचांना याच पेठेत राहायचं होतं.

दुसऱ्या अर्ध्यात बरोबरी झाली. मग ती शेवटची पंधरा मिनिटं आली. एक खेळाडू पोटरी धरून खाली बसला. मी उठून उभी राहिले. जर्सी समोरच्यांची होती. पाच मिनिटांत त्यांचा दुसरा बसला. नंतर कळलं, बुधवारपासून चार दिवस त्यांच्या पेठेने त्यांचा पाहुणचार केला होता. आपली पोरं पळत होती. लेफ्ट बॅक विंगेवरून निघाला, शेंगावाल्या काकू किंचाळल्या, चेंडू आत आला, आणि चौतीस वर्षांचा संग्राम समोरच्या दोघा बचावपटूंच्या आधी पोचला.

गोल झाल्यावर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. कुणीतरी माझ्या केसांत गुलाल भरला. मी काकूंना मिठी मारली. शिट्टी वाजली तेव्हा संग्राम कप घ्यायला गेला नाही. तो पायऱ्या चढून वर आला, चाचांना खाली घेऊन गेला, आणि कप आधी त्यांच्या हातात गेला. शनिवारी रुसलेले म्हातारे चाचांच्या पाठीवर थापा मारत होते. त्या संध्याकाळी तांबडा रस्सा मी दोनदा वाढून घेतला आणि घामाघूम झाले.

सोमवारी सकाळी संग्राम मला स्टँडवर सोडायला आला. लंगडत होता. इतकी वर्षं मी लोकांना तोलूनमापून खायला शिकवते. पण एका माणसाच्या शब्दावर सगळी पेठ आपलं ताट एक दिवस पुढे ढकलते, हे मी याआधी पाहिलं नव्हतं. तसं त्याला सांगावंसं वाटलं, पण बस फलाटाला लागली होती. मी एवढंच विचारलं, "पाय फार दुखतायत का रे?"

"दुखतायत की, मावशी," तो हसून म्हणाला. "पर जिंकून कसं दुखतंय, ते आज कळलं."

कोल्हापूरबाहेरचा किणीचा टोलनाका जाईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत बसले होते. शेजारच्या बाईंनी न विचारताच पाण्याची बाटली पुढे केली.