यंत्रावर गोधडी

मुलीचा सुरतहून फोन आला तेव्हा बायको अंगणात खाटेवर शेवया वाळत घालत होती. मुलीला चौथा महिना लागला होता आणि घरात आनंदीआनंद होता. त्या दिवशी मात्र ती मला म्हणाली की, बाळंतपणाला मी माहेरी येत नाही, इथेच करून घेते. कारणही सांगितलं आणि आईला कळू देऊ नका म्हणून बजावलं. माझ्या पोटात काही राहत नाही. पाच मिनिटांत मी ते शेवयांच्या खाटेपाशी जाऊन सांगून मोकळा झालो.

कारण आमच्या बंबाचं होतं. बायकोला दमा आहे. धुराजवळ जायचं नाही, असं शहाद्याच्या डॉक्टरांनी दोनदा निक्षून सांगितलं होतं. स्वयंपाक कधीचाच गॅसवर गेला होता, पण आंघोळीचं पाणी तापायचं ते मागच्या पडवीतल्या तांब्याच्या बंबात, पऱ्हाट्यांवर. कपाशी उपटून झाली की तिची वाळलेली झाडं आमच्याकडे घराघरामागे रचून ठेवतात, वर्षभर पुरतात. बायको पहाटे उठून त्या मोडायची, पेटवायची आणि तास-दीड तास खोकायची. मुलीचं म्हणणं असं की, आपण बाळंतीण होऊन आलो तर आई दिवसातून तीनदा बंब पेटवणार, कुणाचं ऐकणार नाही आणि शेवटी आपल्याआधी तीच दवाखान्यात जाणार. यात खोटं काही नव्हतं.

बायको भांडली नाही. हे वाईट लक्षण. ती भांडली की मला बरं वाटतं, कारण भांडण संपतं. त्या दिवशी तिनं शेवया तशाच उन्हात टाकल्या आणि आत जाऊन बसली.

तिचं काय बिनसलं होतं ते बाहेरच्याला कळायचं नाही. आमच्या गल्लीत कुणाकडेही मूल झालं की न्हाऊ घालायला हिला बोलावणं येतं. पाटावर पाय लांब सोडून बसायचं, बाळाला पायांवर पालथं घालायचं, तेल चोळायचं, पाणी घालायचं. गल्लीतली निम्मी पोरं हिच्या पायांवर न्हाली आहेत. त्यातली काही आता मिशा फुटून ट्रॅक्टर चालवतात आणि हिला बघितलं की आवाज बारीक करतात. आणि हिच्या स्वतःच्या नातवंडाला सुरतेच्या फ्लॅटमध्ये कुणीतरी पगारी बाई न्हाऊ घालणार. संध्याकाळी ती एवढंच म्हणाली की, गावाची पोरं झाली, घरचंच राहिलं.

मी पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. घरचा प्रश्न धुराविना पाणी तापवण्याचा आणि विज्ञानाचा मास्तर घरात मोकळा बसलेला. मी कंबर कसली.

साधा गिझर आधी बाद झाला. संध्याकाळी आमच्याकडे विजेचा दाब इतका उतरतो की पंखाही कुरकुरत फिरतो, त्यात तो वीजखाऊ गिझर कुठे लावणार? गॅसचा गिझर बंद मोरीत नको, असं डॉक्टरांनीच सांगितलं. सौरबंबाला ऊन हवं आणि मुलीची तारीख होती ऐन भाद्रपदातली. तेव्हा जावयाने फोनवर हीट पंपाचं नाव घेतलं. म्हणे हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतो, गिझरच्या तिसऱ्या हिश्श्याच्या विजेत तेवढंच पाणी तापवतो. मी जावयाला म्हटलं की, असं फुकटात काही मिळत नाही, उष्णतेचे नियम मी मुलांकडून पाठ करून घेतले आहेत. त्यानं बिचाऱ्यानं बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की, फ्रिज हेच करतो, फक्त उलट. आतली उष्णता काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. पस्तीस वर्षं मी फळ्यावर फ्रिजची आकृती काढत होतो आणि जावयाला शिकवायला निघालो होतो.

तरी डोळ्यांनी बघितल्याशिवाय माझं समाधान होत नाही. माझा एक जुना सहकारी निवृत्तीनंतर तोरणमाळला एका विश्रामगृहाची व्यवस्था बघतो. त्याच्याकडे असं यंत्र बसवलेलं आहे असं कळलं. ज्येष्ठ संपत आला होता, घाटात ढग उतरले होते. पहिल्या वळणांना मी बसमध्ये शेजाऱ्याला हीट पंप समजावून सांगत होतो. पुढच्या वळणांना मी डोळे मिटून गप्प होतो. वर पोचलो तेव्हा गारठ्यानं दात वाजत होते. सहकाऱ्यानं मला यंत्रापुढे उभं केलं. त्यातून थंड हवेचा झोत येत होता आणि त्याच यंत्राच्या टाकीच्या नळाखाली हात धरला तर चटका बसला. एवढ्या गार हवेतूनही ते ऊब शोधून काढत होतं. मला इतका आनंद झाला की मी तीन वेळा हात धुतले.

मग निवड सुरू झाली. शहादा आणि नंदुरबारची मिळून चार दुकानं मी पालथी घातली. वहीत रकाने पाडले: टाकी किती लिटरची, वीज किती ओढतो, आवाज किती, आमच्या बोअरच्या क्षाराच्या पाण्यात आतली टाकी किती टिकेल, दुरुस्तीला माणूस कुठून येणार. एका दुकानदाराला मी एवढे प्रश्न विचारले की त्यानं चहा मागवला आणि माहितीपत्रक माझ्याच हातात देऊन दुसऱ्या गिऱ्हाइकाला तुम्हीच समजवा म्हणाला. मी समजावलं. गिऱ्हाईक पटून यंत्र घेऊन गेलं आणि मी वही घेऊन घरी आलो.

घरी ती वही मी बायकोला वाचून दाखवली. ती शेंगा फोडत ऐकत होती. दुसऱ्या पानावर तिनं मला थांबवलं.

"पानी कितलं तपस, तितलंच सांगा."

पंचावन्न अंश, मी म्हणालो. तिला ते पुरेसं आहे की नाही ते कळेना, आणि मलाही. कारण तिचं माप वेगळं होतं. बाळंतिणीचं पाणी म्हणजे ज्यात बोटं बुडवून तीन मोजेपर्यंत धरवतात, चौथ्याला काढावी लागतात. बाळाचं म्हणजे कोपराला लागलं तर नुसतं कळावं. मी कपाटातून शाळेच्या काळचा तापमापक शोधून काढला. त्याच आठवड्यात गल्लीत एक बारसं झालं होतं आणि बायको रोज तिथे न्हाऊ घालायला जात होती. मी मोरीच्या दाराबाहेर उभा राहून तापमापक आत द्यायचो, ती बादलीत बुडवून परत द्यायची. आतल्या बाया हसून हसून लोळल्या. बाळंतिणीचं पाणी भरलं चव्वेचाळीस आणि बाळाचं अडतीस. म्हणजे पंचावन्नाच्या पाण्यात वरून गार विसण घालावं लागणार होतं. बायकोनं मान डोलावली आणि त्या दिवसापासून यंत्र आमचं झालं.

मोठी टाकी आणि तिच्या डोक्यावरच पंप, असा उभा प्रकार मी घेतला. बसवायला आलेला मिस्तरी म्हणाला की, हे मागच्या पडवीत, उघड्यावर बसवा. मी ऐकलं नाही. पडवीत पावसाची झड येते, माकडं येतात. मी ते मोरी आणि मधल्या खोलीमधल्या बोळात बसवून घेतलं, जिथे एकच खिडकी आहे. मिस्तरीनं खिडकी कायम उघडी ठेवा म्हणून सांगितलं आणि ते मी ऐकलं, पण घरात कुणाला सांगितलं नाही. ज्यानं चार दुकानदारांचं डोकं खाल्लं, त्याला हे एक वाक्य घरात सांगायला सुचलं नाही.

मी मुलीला नळाखालच्या बादलीचा, तिच्यातल्या तापमापकाचा आणि थंडगार पडलेल्या बंबाचा असे तीन फोटो पाठवले. आठवा महिना लागताच ती आली. जावई सोडायला आला होता, त्यानं यंत्राकडे बघून माझ्याकडे बघितलं. मी त्याला फ्रिजबद्दल काहीही बोललो नाही.

नात झाली ती तालुक्याच्या दवाखान्यात, भर दुपारी, पावसाची सर चालू असताना. काळंभोर जावळ आणि रडण्याचा असा दमदार आवाज की नर्सबाईंनी बायकोला विचारलं, कोणावर गेली? बायकोनं माझ्याकडे बोट दाखवलं. घरी आल्यावर थोडे दिवस नुसतं अंग पुसणं चाललं. नाळ पडली, डॉक्टरीणबाईंनी हो म्हटलं आणि पहिल्यांदा न्हाऊ घालायचा दिवस ठरला. आदल्या दिवशी सुरतेहून मुलीच्या सासरची चार माणसं आली. त्यांनी रात्री आणि पहाटे मनसोक्त गरम पाण्यानं आंघोळी केल्या आणि यंत्राचं कौतुक केलं. मी ते नम्रपणे स्वीकारलं.

सकाळी गल्लीतल्या बाया जमल्या. पाट मांडला, तेल कोमट केलं, बायको पदर खोचून पाय सोडून बसली. विहीणबाईंनी नळ उघडला. पाणी गार. आधी वाटलं नळीतलं शिळं पाणी असेल, पण बादली भरत आली तरी ते गारच. बायकोनं बोटं बुडवली आणि ती मोजायचीच थांबली.

ती उठली. कुणाला काही न बोलता मागच्या पडवीत गेली. पऱ्हाट्या मोडल्याचा कडाकडा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. मुलगी बाळाला कुशीत घेऊन उठली आणि पडवीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"माय, तू बंब पेटाडा ते मी आजच सुरतले चालनी जासू."

तिचा आवाज चढलेला नव्हता. बायको काडेपेटी हातात धरून तशीच बंबापुढे उकिडवी बसून राहिली. माझं डोकं फिरलं. त्या यंत्रावर, दुकानदारावर, मिस्तरीवर, दिसेल त्यावर. मी तरातरा बोळाचं दार ढकललं आणि आत शिरलो तर आत नुसता गारठा, भाद्रपदात तोरणमाळ. खिडकी गच्च बंद, तिच्या फटींत चिंध्या कोंबलेल्या. आणि यंत्रावर दोन गोधड्या, वरून साडीच्या काठानं बांधलेल्या.

मी बाहेर येऊन ओरडणारच होतो. पण बायको माझ्या मागे येऊन उभी होती आणि तिनं आधी सांगितलं.

"थंडगार वारा येस त्याम्हाईन. न्हायेल बाळले लागी जाई, म्हनीसन झाकं मी."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाळंतिणीच्या घरात वाऱ्याची फट ठेवायची नाही, हे तिचं आयुष्यभराचं काम. ओलं बाळ त्या बोळातून मधल्या खोलीत न्यायचं होतं आणि वाटेत हे यंत्र गार फुंकर मारत बसलेलं. पहाटे सगळ्यांच्या आंघोळींत टाकी रिती झाल्यावर तिनं त्याचं तोंड बांधलं आणि नवं पाणी तापण्याआधीच यंत्र गुदमरून बंद पडलं. मी तिला किती तापतं ते सांगितलं होतं, कशानं तापतं ते कधीच सांगितलं नव्हतं. पस्तीस वर्षं हजारभर मुलांना सांगितलं आणि हिला नाही.

मी गोधड्या सोडता सोडता तिला सांगितलं. हा गार वारा म्हणजे ऊब काढून घेतलेला वारा आहे, ती ऊब पाण्यात जाते, वारा कोंडला की ऊब कोंडली. ती लक्ष देऊन ऐकत होती. मग म्हणाली,

"मंग हाई मले पयलेच काबर नही सांगं?"

मी चुकलो म्हणालो, आणि तेही सगळ्यांसमोर म्हणालो. विहीणबाईंनी भुवया उंचावल्या, बहुधा त्यांच्याकडे असं कुणी म्हणत नसावं.

खिडकी उघडली. यंत्र थोडा वेळ दम खाऊन घरघरलं आणि सुरू झालं. पाणी तापायला दुपार होणार होती, पण एकही बाई घरी गेली नाही. डिंकाच्या लाडवांचा डबा उघडला, चहाची दोन पातेली झाली, आणि गल्लीतल्या कोणत्या पोरानं न्हाताना काय केलं होतं त्याच्या गोष्टी निघाल्या. त्यातल्या एका पोराची बायकोही तिथे बसलेली होती, तिची तर चंगळ झाली. बायकोनं तोपर्यंत बाळासाठी दुसरी वाट ठरवली, बोळातून नव्हे तर स्वयंपाकघरातून, आणि बोळाच्या दाराला जाड चादर लावली. पुढच्या आठवड्यात मिस्तरी येऊन यंत्र पडवीत हलवून गेला, पण त्या दिवशी चादरीनंच भागवलं.

दुपारी बायकोनं बोटं बुडवली, तीन मोजले आणि चौथ्याला बाहेर काढली, मग बाळाच्या बादलीत विसण घालून कोपर लावून बघितलं. तिचा चेहरा असा फुलला की मी दारातून बाजूला झालो. पुरुषांनी तिथे थांबायचं नसतं. मी मधल्या खोलीत जाऊन बसलो आणि ऐकत राहिलो. नातीनं आधी घर डोक्यावर घेतलं, मग पाणी पाठीवर पडलं तशी ती एकदम गप्प झाली. बायको तिच्याशी अखंड बोलत होती, नाक कोणाचं, कान कोणाचे, सुरतचं काय नि आमचं काय. पूर्वी दोन वाक्यांत एकदा तिला खोकला अडवायचा. आज मी कान लावून बसलो होतो आणि ती कुठेही थांबली नाही. माझे डोळे भरून आले, ते मी पुसलेही नाहीत, बघायला कुणी नव्हतं.

बाळाला दुपट्यात गुंडाळून विहीणबाई स्वयंपाकघराच्या वाटेनं आत गेल्या. आता मोरीत दोघीच राहिल्या. बायकोनं पाटावर हात थोपटल्याचा आवाज आला.

"आते तू बठ."

मुलगी काहीतरी पुटपुटली, माझी आंघोळ मी करते असं असावं. ती अठ्ठावीस वर्षांची, सुरतेत नोकरी करणारी बाई. मग पाट सरकल्याचा आवाज आला. तांब्या बुडाला, पाणी ओतलं गेलं. बायकोनं विचारलं की, गरम आहे ना?

"शे माय," मुलगी म्हणाली. "आखो टाक."

आणि तिच्या आईनं आणखी एक तांब्या ओतला.