अरुंधती दिसली नाही म्हणून

“सरणावर काय पेपर वाचाचा हाय मना?” असं म्हणून गणपतदादांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला साफ नकार दिला.

मी पनवेलमधला ऑप्टोमेट्रिस्ट. म्हणजे डोळे तपासतो, कापत नाही. लोक डॉक्टर म्हणतात, मी अडवत नाही. अर्ध्या पनवेलच्या नाकावर माझा चष्मा आहे, उरलेले अर्धे खांबांना धडकतात. पण उरणकडच्या या म्हाताऱ्यासारखा मोतीबिंदू मी पाहिला नव्हता. डोळ्यांत अख्खं मिठागर पिकलेलं.

भानगड नातीच्या लग्नात झाली. भटजींनी जोडप्याला अरुंधती दाखवली. दादांनीही मान वर केली. दिसली नाही. ज्याला अरुंधती दिसत नाही तो सहा महिन्यांत जातो, हे त्यांनी बापाकडून ऐकलेलं. तेव्हापासून ताट अर्धं परत.

“मना दिसली की,” शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने, हिराआजींनी टोमणा मारला. “बारीक हाय, पन हाय. यांची नाटकं.”

मी समजावलं. सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ. त्याला चिकटलेला मंद, पांढरा ठिपका म्हणजे अरुंधती. खरं तर सूर्याहून तेजस्वी, पण फार लांब. मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग दुधाळ होतं, उजेड फाकतो आणि वसिष्ठाच्या झगमगाटात ती बुडते.

“पन नाय दिसली ना?” दादा म्हणाले.

अंधार पडल्यावर मी दोघांना दुकानाच्या गच्चीवर नेलं. समोर कळंबोलीच्या लोखंड बाजाराचे दिवे, असे की चंद्रानेही गॉगल लावावा. मी वर पाहिलं आणि चेहरा पाडला.

“दादा, मलाही दिसत नाही.”

“तुमाला पन?” त्यांचा आवाज मऊ झाला. “पोरं बारीक हायत काय?”

“आहेत. मरणाऱ्याचं एक ऐका. ऑपरेशन करून घ्या.”

मरणाऱ्याचा शब्द कोण मोडतो? दोन्ही डोळे झाले. मग मी त्यांना कर्नाळ्याच्या पुढे, अंधारात नेलं. दादा बराच वेळ वर बघत राहिले.

“हाय रं.”

“मी काय सांगत व्हते?” आजी म्हणाल्या.

पावसाळा सरता सरता दादा वाचायच्या चष्म्यासाठी आले. एकटेच.

“तुमी हाव अजून,” ते म्हणाले.

“आहे. आजी कुठे?”

“गेली. झोपंतच.”

त्यांनी तक्त्यावरची शेवटची ओळही न अडखळता वाचली.

“तिला तर दिसत व्हती, डॉक्टर.”

मी नंबर लिहून दिला. अरुंधतीवरून नजर तपासता येते. बाकी काही तपासता येत नाही.

“घरी नीट दिसतं ना?” मी विचारलं.

“समदं साफ दिसतं,” दादा म्हणाले. “तिची खाट पन.”