कबड्डी दाखवण्याचे हक्क

जव्हारमध्ये खेळ टीव्हीवर दाखवण्याच्या हक्कांचा लिलाव आमच्या स्वयंपाकघरात झाला, आणि त्यात बोली लावणारा एकच माणूस होता. तो म्हणजे माझा मेहुणा बबन. गावात त्याचा केबलचा धंदा होता. मी शाळेत गुरुजी, आणि उरलेल्या वेळात आळीच्या कबड्डी मंडळाचा सेक्रेटरी. नव्वदचं दशक संपत आलं होतं. क्रिकेट दाखवायला चॅनेलवाले कोट्यवधी रुपये मोजतात, असं मी पेपरात वाचलं, आणि आपली कबड्डी गावाला फुकट दाखवायची ही कल्पनाच मला सहन होईना.

“भावजी, क्रिकेटचं वेगळं असतं,” बबन भाकरी मोडत म्हणाला.

“का? आपल्याकडे चेंडू नाही म्हणून?”

शेवटी मंडळाला दोन हजार आणि आमच्या घरी वर्षभर केबल फुकट, यावर सौदा ठरला. (दुसरं कलम मी मंडळाच्या सभेत वाचून दाखवलं नाही. वेळ कमी होता.)

भाकऱ्या थापता थापता माझी बायको लता म्हणाली, “अहो, सगळं घरबसल्या दिसलं तर मैदानात कोण येईल?”

प्रश्न तिच्या स्वार्थाचा होता. स्पर्धेत वडा-चहाचा स्टॉल ती आणि आळीतल्या बायका लावणार होत्या. बटाट्यांचं पोतं येऊन पडलंही होतं. मी मोठ्या मनाने हसलो. “तुला यातलं अर्थकारण नाही कळायचं.”

पहिल्या दिवशी मैदानात दोन संघ, पंच, बबनचा कॅमेरावाला आणि एक म्हैस एवढीच मंडळी हजर होती. बाकी गाव टीव्हीपुढे. खरं सांगायचं तर मीही मैदानात नव्हतो. चित्र स्वच्छ येतंय का, हे कुणीतरी घरी बसून तपासायला हवं होतं ना. संध्याकाळी लता भरलेलं पातेलं घेऊन आली आणि माझ्यापुढे ठेवून गेली. त्या रात्री आम्ही वडे जेवलो. सकाळी न्याहारीला वडे. शाळेच्या डब्यात वडे.

बबनचं मात्र चांगलं चाललं होतं. सायकलवाला, पीठगिरणी, साडीवाला, सगळे त्याच्याकडे जाहिराती घेऊन आले. क्रिकेटमध्ये षटक संपलं की जाहिरात लागते. कबड्डीत षटकच नाही, त्यामुळे बबन मनाला येईल तेव्हा जाहिरात लावायचा. पीठगिरणी संपेपर्यंत चढाई आटोपलेली असायची. प्रेक्षकांना दिसायचा तो फक्त बाद होऊन बाहेर जाणारा गडी.

“कोण बाद झाला, का झाला, काही कळत नाही रे,” मी त्याला म्हटलं.

“भावजी, तुमचे दोन हजार मी कबड्डीतून काढू का?”

आता मलाही ते अर्थकारण कळेनासं झालं होतं.

अंतिम सामना आमच्या मंडळाचा, मोखाड्याकडच्या एका पाड्याच्या संघाशी. प्रमुख पाहुण्यांना उन्हाचा त्रास होतो, म्हणून त्यांना मी आमच्या घरी टीव्हीसमोर खुर्ची दिली. त्यांना सोबत म्हणून मंडळाचे अध्यक्ष अण्णा आले. अण्णांना सोबत म्हणून मी थांबलो. गुण बरोबरीत, शेवटची चढाई, आणि पाड्याचा लहानू मध्यरेषा ओलांडून आत शिरला. आमच्या सहा जणांनी त्याला घेरलं. मी टीव्हीजवळ सरकलो.

आणि पडद्यावर साडी आली.

साडीवाल्याची बायको पदर धरून सावकाश गोल फिरली. मग दुसऱ्या रंगाची नेसून पुन्हा फिरली. गावभर दारं उघडल्याचे आवाज आले. प्रमुख पाहुणे सगळ्यात आधी पळाले, उन्हाचा त्रास विसरून. मी अण्णांची चप्पल घालून मागे.

अख्खं गाव मैदानात पोचलं तेव्हा लहानू कडेला बसून गुडघ्याची माती झाडत होता. आमचा एक गडी मारून तो परत आला होता, आणि चषक पाड्याचा झाला होता. लोक ऐकेनात. “आम्ही बघितलंच नाही. परत घ्या.”

“मी काय म्हून परत जाऊ?” लहानू म्हणाला. “तवा धरला नाय ना तुमी?”

“निकाल तोच राहील,” पंच म्हणाले. “नुसती लोकांना दाखवायला एक चढाई कर.”

लहानूने विचार केला. “आधी खायला द्या कायतरी. मंग जातो.”

लताने त्याच्यापुढे वड्यांची परात ठेवली. तो निवांत खायला लागला. त्याचं बघून गावाला भूक लागली, आणि त्याचं खाणं संपेपर्यंत स्टॉलवर मिरचीसुद्धा उरली नाही. मग लहानू जड पोटाने चढाईला उठला, आणि आमच्या पोरांनी त्याला दोन पावलांत झोपवला. गावाने जल्लोष केला. ती अंतिम फेरी आम्हीच जिंकलो, असं जव्हारात आजही शपथेवर सांगणारे आहेत. चषक मात्र पाड्यावर आहे.

पुढच्या वर्षी मंडळाने व्यवहार लताकडे सोपवला. तिने पहिल्याच बैठकीत बबनला सांगितलं, “सामना संपल्यावर दुसऱ्या दिवशी काय ते दाखव.” तो मुकाट्याने कबूल झाला, कारण ती त्याची मोठी बहीण होती. माझा मान राहावा म्हणून तिने मला समालोचनाचा माइक दिला. मी तीन दिवस घसा बसेपर्यंत बोललो. माइकची वायर कुठेच जोडलेली नव्हती, हे मला बक्षीस समारंभात कळलं.