बेअरिंगचा सव्वा महिना

मशीन किंचाळली आणि मी झोळीतनं सुजाताला उचलून थेट रस्त्यावर पळाले. मागं वळून बघते तर शेडातनं धूर. रबर जळल्याचा वास. आणि मशीन अजून किंचाळतेच हाय, कारण स्विच मी बंदच केला नव्हता.

खोलीतनं ह्यांची हाक आली, "अगं स्विच! आधी स्विच!"

"पोरगी घेतलीय मी!"

"पोरगी काय मोटरवर चालती का? स्विच पाड!"

परत आत गेले. एका हातानं पोर छातीशी धरली, दुसऱ्या हातानं स्विच पाडला. ड्रम घरघरत घरघरत थांबला.

हे म्हणजे आमचे मालक, सुखदेव. तोंडानं नाव घेत नाय, कागदावर लिहायला काय हरकत हाय. आडगाव नाक्याजवळच्या लाकडाच्या वर्कशॉपमधे हे मशीन चालवायचे. शाळेचे बाक बनायचे तिथं. शेडाच्या मागची खोली आम्हाला राहायला होती. गेल्या उन्हाळ्यात ह्यांना कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे. डॉक्टर म्हणाले, उठायचं नाय. मग ह्यांनी खाट खोलीच्या दारात ओढून घेतली, तोंड मशीनकडं करून. दिवसभर फुटाणे खायचे, उसाचा रस प्यायचे आणि मला हुकूम सोडायचे. कारण मशीनवर मी होते. लग्न झाल्यापासून ह्यांच्या हाताखाली फळ्या ओढत होते, तर वर्कशॉपचे शेठ म्हणाले, "आठ दिवस बघतो हिचं काम." त्यातला पाचवा दिवस होता तो.

मशीन रंध्याची. सुतार हातानं रंधा मारून फळी गुळगुळीत करतो ना, तेच काम ही करते. मधे लोखंडाचा ड्रम, त्याला धारेची पाती. ड्रम गरगर फिरतो, फळी वरनं सरकवायची. ड्रमच्या दोन टोकांना दोन बेअरिंगं. बेअरिंग म्हणजे पोलादाच्या दोन बांगड्या, एक मोठी, एक तिच्या आत, आणि मधल्या फटीत गोळ्या. आतली बांगडी ड्रमबरोबर फिरते, बाहेरची गप्प बसते, गोळ्या मधे लोळतात. गोळ्या झिजल्या की बोंब.

"पट्टा काढ," खाटेवरनं हुकूम. "ड्रम हातानं फिरव. कसा वाटतो?"

"खरखर लागतंय. खडे असलेले तांदूळ चाळल्यावानी."

"आता वरखाली हलव. हलतो?"

"पट्ट्याच्या बाजूला हलतो. पडायला आलेल्या दातावानी."

"बेअरिंग गेलं," म्हणाले आणि तोंडात टाकायला घेतलेला फुटाणा परत वाटीत ठेवला. तेव्हा मी घाबरले. हे फुटाणा सोडतात म्हणजे गोष्ट साधी नाय.

शेठ अर्ध्या तासात आले. धोतराचा सोगा हातात, कपाळावर घाम. मशीनभोवती एक चक्कर मारली.

"सुखदेव, दिवाळीत नवीन बेअरिंग घातलं आपण. मे महिन्यात गेलं? आधीचं आठ वर्षं चाललं होतं."

"शेठ, मला पण कळंना."

"मला कळतंय. ग्रीस देत नाहीस तू."

"दर शनिवारी देतो, शेठ."

"मग काय बेअरिंगला पण कावीळ झाली?" स्वतःच हसले. मग हसू आवरलं. "परवा अमावस्या आहे. परवा संध्याकाळपर्यंत मशीन चालू पाहिजे. शाळा उघडायच्या आत बाक द्यायचेत मला. जमत नसेल तर सांगा, सिन्नरहून माणूस येतोय. बायकापोरं घेऊन येईल, त्याला ही खोली लागेल."

गेले. मी ह्यांच्याकडं बघितलं, ह्यांनी छपराकडं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला लागले. आधी पाती काढली, नायतर बोटं जातात. ड्रमच्या टोकाला बेअरिंगचं बिडाचं घर असतं, त्याला हाऊसिंग म्हणतात. त्याचे बोल्ट लय घट्ट. पान्यावर उभी राहिले तेव्हा हलले.

"एवढं वजन हाय तुझ्यात, ठाऊक नव्हतं," खाटेवरनं.

"फुटाणे खा गुमान."

बाहेर बाक जोडणारा सुतार हात लावायला आला. दोघांनी ड्रम उचलून पोत्यावर ठेवला. मग पुलर. पुलर म्हणजे तीन नख्यांचा पंजा, मधे लांब बोल्ट. नख्या बेअरिंगमागं अडकवायच्या आणि बोल्ट पिळत जायचा. पिळता पिळता एकदम कड्‌ झालं. मी किंचाळले. सुजाता रडली. सुतार हसला आणि आपल्या कामाला गेला. बेअरिंग माझ्या ओटीत.

मी ते रॉकेलनं धुवायला घेतलं आणि थांबले. आत ग्रीस होतं. भरपूर होतं. पण काळं नव्हतं, तांबडं होतं. गोळ्यांना गंज. आणि त्या गंजात लांब लांब केस अडकलेले.

"अहो, ह्यात केस हायेत."

"कुणाचे? तुझे?"

"माझे एवढे राठ हायेत का? बघा."

ह्यांनी हातात घेतलं, नाकाशी नेलं. लय वेळ बघत बसले. मग हळूच म्हणाले, "कुसुम, हा काथ्या हाय. नारळाचा."

मग दोघांनी एकदमच हाऊसिंगकडं बघितलं.

शेठ दर अमावस्येला मशीनला कुंकू लावून नारळ फोडतात. पूर्वी शेडाच्या दारात एक दगड होता, त्यावर फोडायचे. दिवाळीत दारात फरशी घातली, दगड गेला उकिरड्याशी. मशीनचं टेबल सपाट, त्यावर नारळ फुटत नाय. पट्ट्याच्या बाजूचं हाऊसिंग गुडघ्यावानी पुढं आलेलं. तर शेठ त्या गुडघ्यावर फोडायला लागले. आणि शेठचा हात तो! एका दणक्यात कधी नाय. पाच, सहा, एकदा तर नऊ झाले होते. दणका सगळा गोळ्यांना. पाणी सगळं फटीतनं आत. वर कुंकू. बिचाऱ्या बेअरिंगनं तरी काय करावं?

"सांगू या शेठला," मी म्हटलं. "तुमच्यावरचा आळ तरी जाईल."

"नारळाचं नाव काढायचं नाय."

"का?"

"आपण बौद्ध. आपल्यात नारळ फोडत नाय, हे शेठला ठाऊक हाय. काय म्हणतील? 'ग्रीस द्यायला विसरला आणि माझ्या नारळावर ढकलतो.' मग सिन्नरचा माणूस उद्याच."

ते खरं होतं. शेठ माणूस वाईट नाय. पण नारळ त्यांच्या आईपासून चालत आलेला.

बेअरिंग सुजाताच्या लंगोटात बांधलं आणि टांग्यानं भद्रकालीत बेअरिंगच्या दुकानात गेले. दुकानदारानं लंगोट बघितला, मला बघितलं. "बाई, दवाखाना पलीकडं." मी गाठ सोडली. मग त्यानं नंबर पुसून बघितला, तसंच नवीन काढून दिलं. वर म्हणाला, "बसवताना बाहेरच्या बांगडीवर ठोकू नका. गोळ्यांना खड्डे पडतात." मी मनात म्हटलं, आमच्या शेठला सांग.

बसवायची रीत ऐका. नवीन बेअरिंग थंड असलं की ड्रमच्या दांड्यावर जात नाय, इतकं घट्ट असतं. तेल तापवून त्यात बुडवायचं, म्हणजे जरा फुगतं. अमावस्येला सकाळी स्टोवर माझीच कढई ठेवली.

"झाऱ्यानं उलटू का? पुरीवानी?"

"उलटू नको. आणि डाळीचं पीठ पण लावू नको," हे म्हणाले. काविळीत तळलेलं बंद, त्यामुळं कढईकडं बघून ह्यांचा जीव कासावीस झालेला.

चिमट्यानं उचललं, दांड्यावर धरलं. आपोआप सरकलं, साबण लावलेल्या हातात बांगडी जाती तसं. शेवटी आतल्या बांगडीवर लाकडाचा ठोकळा धरून दोनदा हलके ठोकले. ग्रीस भरलं, ड्रम बसवला, बोल्ट आवळले, पाती लावली, पट्टा चढवला. पाच वाजता स्विच दाबला. दाबताना डोळे मिटले होते.

मशीन गुणगुणली. नुसती गुणगुणली. झोळीत सुजाता दोन दिवसांनी गाढ झोपली.

आणि दारात शेठ. हातात नारळ.

"शाब्बास! नवीन बेअरिंग, त्यात अमावस्या! बंद कर मशीन, नारळ फोडतो."

मी मशीन बंद केली. शेठनी गुडघ्याला कुंकू लावलं. नारळ डोक्यावर नेला. खाटेवर हे उठून बसले. मला दिसत होतं, सहा दणके, मग पाणी, मग सहा महिन्यांनी धूर, मग आमचं सामान रस्त्यावर. काय झालं मला ठाऊक नाय, मी शेठ आणि मशीनच्या मधे जाऊन उभी राहिले.

"काय गं?"

"शेठ... सव्वा महिना..."

"कसला सव्वा महिना?"

"नवीन बेअरिंगला सव्वा महिना दणका लागू द्यायचा नाय. दुकानदार म्हणाला." अर्धं खरं होतं. "बाळंतिणीवानी असतं ते. गोळ्या कच्च्या असतात. पाणी तर अजिबात नाय."

शेठ बघत राहिले. माझ्याकडं, मग गुडघ्याकडं.

"बाळंतीण," शेठ म्हणाले. "असं होय. मग मागच्या वेळी नाही ते कुणी सांगितलं?"

"मागच्या वेळी मी नव्हते ना गेले दुकानात. गड्यांना काय कळतं बाळंतपणातलं?"

शेठनी नारळ खाली घेतला. मशीनला हात जोडले. म्हणाले, "मग फोडू कुठं?"

मी पळत जाऊन उकिरड्याशेजारचा दगड लोटत आणला, धुतला. शेठनी त्यावर दणका मारला. दुसऱ्यालाच फुटला. शेठला आयुष्यात एवढा आनंद झालेला मी बघितला नाय. तेव्हापासून नारळ दगडावरच. सव्वा महिना होऊन गेला तरी दगडावरच. शेठ हे शास्त्र सगळ्या वखारवाल्यांना सांगत सुटले. परवा पेठ रोडच्या वर्कशॉपचा माणूस विचारायला आला होता की सव्वा महिना बेअरिंग आणल्यापासून धरायचा का बसवल्यापासून. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, बसवल्यापासून.

बाक वेळेत गेले. खोली राहिली. कावीळ पण उतरली.

पण आळ तसाच राहिला. ग्रीसचा डबा शेठनी आपल्या टेबलाखाली नेऊन ठेवला. हे दर शनिवारी दारात उभे राहून ग्रीस मागतात. शेठ देतात, वर सगळ्यांसमोर म्हणतात, "ह्या वेळी विसरू नकोस, सुखदेव." हे मान हलवतात. एकपण शनिवार विसरले नव्हते, कावीळ व्हायच्या आदल्या दिवशीपण दिलं होतं. मी एकदा म्हटलं, आता सांगते शेठला खरं. तर म्हणाले, "आता सांगितलंस तर सव्वा महिना पण खोटा ठरंल."

मशीनच्या कामात मी एवढं शिकले. पार्ट कशानं गेला ते उघडून बघितलं की कळतं. कुणाला सांगायचं ते कळत नाय.

तुम्ही माझ्या जागी असता, पोर झोळीत, नवरा खाटेवर आणि शेठचा हात नारळासकट वर, तर काय केलं असतं?