बांबूतला पाऊस

आधी तो चहाचा घोट गिळून घ्या, मग सांगतो. मागे हे ऐकताना एकाला ठसका लागला आणि दोष मलाच आला.

तर गेल्या मे महिन्यातली गोष्ट. मे महिन्यात नवीन पनवेलला पाणी म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नकोच. सकाळी नळ नुसता शिंकतो. मग टँकरची वाट बघा! आणि आमच्या सोसायटीने पाणी बचत समितीचा अध्यक्ष कोणाला केलेलं? अस्मादिकांना! रिटायर झालेला माणूस दिसला की लोकांना त्याला अध्यक्ष करावंसंच वाटतं.

मीही काय कमी? लोकांच्या घरात शिरून बादल्या तपासायचो. शॉवर हा सामाजिक गुन्हा आहे, असं मीटिंगमध्ये ठणकावून सांगायचो. खालच्या मजल्यावर पाटीलवहिनी राहतात. माहेर इथल्याच गव्हाण गावचं, आवाज खणखणीत. त्यांना तर गॅलरी धुताना पकडून चारचौघांत भाषण दिलं होतं.

आता या गोष्टीतल्या वाद्याकडे येतो. सोसायटीचा वर्धापनदिन जवळ आलेला. दरवर्षी तोच डीजे, तीच कानांची वाट! मी ठरवलं, यंदा निसर्गवाद्य! मोबाइलवर बघितलं होतं. पोकळ बांबूत काटे ठोकायचे, दाणे भरायचे, दोन्ही तोंडं बंद करायची. बांबू हळूच उलटा केला की दाणे काट्यांवर आपटत खाली येतात आणि हुबेहूब पावसाचा आवाज येतो.

जुन्या पनवेलच्या बाजारातून माझ्याएवढा उंच बांबू आणला. आतली पेरं फोडायला कळंबोलीहून लोखंडी सळई आणली. बाभळीचे काटे गोळा करताना बोटांची चाळण झाली. 

"आत काय भरताय?" आमच्या सौ., सुनंदाने विचारलं.

"नाचणी आणि तांदळाच्या कण्या."

"कोणाच्या डब्यातल्या?"

"निसर्गाच्या!"

त्या दिवशी जेवायला फार उशिरा मिळालं.

पण आवाज! अहाहा! रोज दुपारी दार लावून रियाज करायचो. सर्रर्र... थेट धो धो! कोणाला सांगायचं नव्हतं. सरप्राइज होतं ना!

एके दिवशी पाटीलवहिनी जिन्यात भेटल्या.

"भाऊ, दुपारचं तुमच्याकडं पानी येतं काय?"

"छे हो!"

"नाय, आमच्या डोक्यावर शॉवर चालल्यागत ऐकू येतं."

"भास असेल," मी म्हणालो आणि गालातल्या गालात हसलो. कलावंत माणूस, हसू आवरलं नाही!

तिथेच फसलो. ते हसू संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर पोचलं. कोणी लिहिलं, अध्यक्षांनी टाकीतून चोरून पाइप घेतलाय. कोणी मोटर बसवल्याचं लिहिलं. एकाने तर माझ्या बाथरूममध्ये टब असल्याची बातमी दिली. टब! अहो, आमच्या बाथरूममध्ये मी आणि बादली एकदम मावत नाही!

मी खुलासा केला का? अजिबात नाही. उलट रियाज वाढवला.

रविवारी टँकर वेळेवर आला नाही, त्याऐवजी माझ्या दारात मोर्चा आला. पुढे सेक्रेटरी सावंत, शेजारी रिकामी कळशी घेतलेल्या पाटीलवहिनी, मागे अख्खी विंग.

"गुप्तेसाहेब, राजीनामा द्या!" सावंत कडाडले.

"आमाला गॅलरी धुऊ देत नाय, न् सोताला शॉवर हाय!" वहिनी म्हणाल्या.

अब्रूचा प्रश्न होता हो! उभा जन्म कोणाचं फुकट पाणी प्यायलो नाही, आणि आता चोर? सरप्राइज गेलं खड्ड्यात! सगळ्यांना हॉलमध्ये घेतलं, बांबू आणला. "डोळे मिटा," म्हणालो आणि उलटा केला.

सर्रर्र...

सावंतांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या.

"आगो बाय! पाऊसच की!" वहिनी म्हणाल्या.

सुटलो! निर्दोष, आणि वर कलावंत! मला अगदी भरून आलं. मग काय, निसर्ग, नाद आणि पाणी या विषयांवर मी जे बोलायला लागलो ते थांबलोच नाही. बांबू उलटा करत होतो, पुन्हा उलटा करत होतो, बोलत होतो. लोक बिचारे डोळे मिटून ऐकत होते. शेवटी हात दुखले म्हणून बांबू कोपऱ्यात उभा केला.

आवाज थांबला नाही.

"बघा!" मी दोन्ही हात उंचावले. "ही निसर्गाची ताकद! वाजवणारा थांबला तरी वाद्य थांबत नाही!"

टाळ्यांचा कडकडाट! 

पहिले डोळे उघडले ते पाटीलवहिनींनी. निऱ्या वर धरून त्या जमिनीकडे बघत होत्या.

"भाऊ, नाद लई छान हाय. पन माजे पाय भिजले."

झालं होतं असं, की माझ्या भाषणाच्या भरात खाली टँकर येऊन पंपही सुरू झाला होता. सकाळी पाणी आलंय का बघायला मी बाथरूमचा नळ उघडला होता, तो तसाच राहिलेला. आणि मोरीची जाळी? ती बांबूच्या भुशाने तुंबलेली. भुसा तिथे कोणी ढकलला, ते विचारू नका.

राजीनामा मी तोंडीच दिला. लिहून कसा देणार? दोन्ही हातांत पोतेरं होतं!