दोऱ्यासकट वड

हेतलबेननी थैलीतून कुंडी काढून माझ्या टेबलावर ठेवली. आत वीतभर उंचीचा वड. तीन आठवड्यांपूर्वी मीच दिलेला, चांगला बारा-चौदा पानांचा. आता त्यावर एक पान नव्हतं.

"मानेभाई, मरी गयो ने?" त्यांनी विचारलं. आवाज इतका हळू की मला पुढे वाकावं लागलं.

मी बडोद्यात हरणीजवळच्या एका नर्सरीत बोन्सायचा विभाग सांभाळतो. सव्वीस वर्षं झाली. मेलेलं झाड घेऊन येणारं गिऱ्हाईक बहुधा भांडायच्या तयारीनं येतं. या बाई भांडायला आल्या नव्हत्या. पुढच्या बुधवारी त्यांच्या मिस्टरांची बायपास होती. आणि मिस्टरांच्या आयुष्यासाठी ज्या वडाला वटपौर्णिमेला दोरा गुंडाळला, तोच असा काडी होऊन समोर उभा होता.

या वडाची सुरुवात होळीच्या सुमारास झाली. नलिनीताई नर्सरीत आल्या. रिटायर्ड शिक्षिका, हेतलबेनच्याच सोसायटीतल्या. म्हणाल्या, "आमच्याकडे बायका वटपौर्णिमेला बाजारातून वडाच्या फांद्या आणतात. एका दिवसाच्या पूजेसाठी झाड ओरबाडायचं आणि दुसऱ्या दिवशी कचऱ्यात टाकायचं. मला लाज वाटते हो. वीस जणींना वीस जिवंत वड द्या, कुंडीतले. महाग नकोत. कुणीच आजवर बोन्साय सांभाळलेलं नाही."

मला इतका आनंद झाला की त्यांना बसा म्हणायचंही सुचलं नाही. इतक्या वर्षांत इतकं शहाणं गिऱ्हाईक पहिल्यांदाच भेटत होतं.

आमचे मालक जिग्नेशभाई यांचं डोकं वेगळ्या दिशेनं चाललं. "पूजेला एक वड, शोला एक ज्युनिपर. जोडीनं काढ, मानेभाई."

ज्युनिपर म्हणजे फोटोत दिसतं ना, ते सुईसारख्या पानांचं, डोंगराच्या कड्यावरचं झाड. त्याला थंडी लागते. बडोद्याचा मे महिना त्याला झेपत नाही. वर लबाडी अशी की मेल्यावरही ते कितीतरी दिवस हिरवंच दिसतं, आणि माणूस बिचारा मढ्याला पाणी घालत बसतो. मी जिग्नेशभाईंना चक्क नाही म्हणालो.

बोन्साय ही झाडाची जात नव्हे, झाड लहान कुंडीत वाढवायची रीत आहे. वड, पिंपळ, उंबर, बोगनवेल, सगळ्यांचं होतं. गरम गावात पहिलं झाड निवडायचं तर माझा नियम साधा आहे. मान वर करून आपल्याच गावातल्या भिंती बघा. कुणी पाणी घालत नाही, खत देत नाही, तरी मे महिन्यात जे हिरवं दिसतं ते घ्या. गच्चीच्या पाइपाजवळ, कठड्याच्या भेगेत उगवलेले वड लोक पैसे देऊन काढून टाकतात. त्यांची मुळं आधीच आखडलेली असतात, खोड जाड असतं, वय पाच-सात वर्षांचं. निम्मं बोन्साय तर भिंतीनंच करून ठेवलेलं असतं.

फतेगंजमध्ये गच्च्यांचं वॉटरप्रूफिंग करणारा एक ओळखीचा आहे. त्याच्या मागे छिन्नी, हातोडी आणि ओली गोणपाटं घेऊन आठ दिवस हिंडलो. माझं वय अठ्ठावन्न, पण कठड्यावर पालथा पडून वडाचं एक मूळ अख्खं सुटलं की मी चौदा वर्षांचा व्हायचो. एका वडानं तर विटेचा तुकडा मुळांत असा धरला होता की सोडवेना. तसाच लावला. उथळ मातीच्या कुंड्या, खाली पाणी जायला भोकं, आत विटांचा चुरा, जाड रेती आणि थोडं शेणखत. बावीस आणले, वीस फुटले. त्यांच्या तांबूस कोवळ्या पानांकडे बघत मी रोज सकाळचा चहा थंड करायचो.

वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी वीस जणी वीस वड घेऊन गेल्या. सोबत मी लिहिलेला कागद. ऊन किती, पाणी कधी, भोक बुजू द्यायचं नाही. उरलेला चहा कुंडीत ओतायचा नाही, हेसुद्धा त्यात होतं.

आणि आता हा वड माझ्यापुढे. वास घेतला. आंबूस. मातीवर मुंग्या.

"कुठे ठेवला होता?"

"मंदिरमां," हेतलबेन म्हणाल्या. त्यांचं देवघर हॉलमध्ये होतं आणि हॉलला एसी.

"आणि पाणी?"

"रोज सवारे दूध-पाणी."

"दूध कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? पूजा छे ने, मानेभाई."

मिस्टर आजारी, वड देवाचा, त्याला ही बाई बाल्कनीत उन्हात कशी ठेवेल आणि नुसतं पाणी कसं घालेल? हे मला आधी सुचायला हवं होतं. माझी बायको सुषमा एकतीस वर्षं वटपौर्णिमा करते आहे. वाणाचा आंबा मी दरवर्षी खातो. ती पूजा मी एकदाही नीट बघितलेली नव्हती.

नखानं खोड जरासं खरवडलं. साल काढली की खाली हिरवं दिसलं तर जीव आहे, तपकिरी दिसलं तर गेला. हिरवं दिसलं. हलकंसं, पण हिरवं.

"जिवंत आहे," मी म्हणालो. "जागा बदलली, थंडी वाजली की वड रागानं पानं टाकतो. पण बुधवारपर्यंत पान येईल, असं वचन मी देणार नाही."

हेतलबेननी कुंडी माझ्याकडे सरकवली.

जिग्नेशभाईंनी मला आत ओढलं. "दोन वड उरलेत म्हणालास ना?"

"ते फुटलेच नाहीत."

"मग दुसरा घे. एवढाच बघ, दोरा गुंडाळ, मंगळवारी देऊन टाक. बाई राजी, आपण राजी."

खोटं कशाला बोलू, अर्धा मिनिट मी विचार केला. मग म्हटलं, "त्यांना झाड नकोय, जिग्नेशभाई. हेच झाड जगतं का ते त्यांना बघायचंय."

"अने ना जिव्यो तो?"

"तर मी स्वतः जाऊन सांगेन."

बाहेर येऊन दोरा कापायला कात्री घेतली. हल्लीची ती लाल-पिवळी नाडाछडी, म्हणजे पूजेचा दोरा, बरीचशी नायलॉनची असते, कुजत नाही. खोडाच्या तळाशी सात फेरे करकचून बसले होते. हेतलबेननी त्यावर तळवा ठेवला. "ए नहीं. आवती पूनम सुधी नहीं."

म्हणजे पुढच्या वटपौर्णिमेपर्यंत, वर्षभर. खोड जाड होतं, दोरा सालीत रुततो, झाड तिथेच कापलं जातं, सगळं समजावलं. तळवा हलला नाही. शेवटी मी कात्री खाली ठेवली, तीही आपटून. साल सुकू नये म्हणून दोऱ्याभोवती ओलं शेवाळ लावलं आणि ते ओलं ठेवायला सांगितलं.

वरची आंबलेली माती काढली, मुळं धुतली, कुंडी हिरव्या जाळीखाली ठेवली. नलिनीताईंना फोन केला. त्यांनी घरोघरी जाऊन सात वड देवघरातून बाल्कनीत आणले. मला म्हणाल्या, "वर्गात मुलं चुकली तर मी आधी माझं शिकवणं तपासायची." लागलं, पण खरं होतं.

रोज सकाळी कुलूप उघडलं की आधी वडापाशी. सहाव्या दिवशीही काही नाही. सातव्या दिवशी शेंड्याला तांबडं टोक. मंगळवारी ते उलगडलं. नखाएवढं पान. मी नर्सरीत एकटाच मोठ्यानं हसलो. स्कूटरवर दोन पायांत कुंडी धरून थेट त्यांच्या घरी गेलो.

हॉस्पिटलची बॅग दारात तयार होती. हेतलबेननी पान बघितलं आणि चपलांच्या कपाटावरच बसल्या. रडल्या. मिस्टर वाकून बघत म्हणाले, "आटलुं नानुं? एवढंसंच?"

ऑपरेशन नीट झालं. ते डॉक्टरांनी केलं, वडानं फक्त पान काढलं. सोसायटीत हल्ली वेगळं सांगतात म्हणून हे लिहितो.

यंदाच्या वटपौर्णिमेनंतर हेतलबेननी स्वतः मला बोलावून दोरा कापायला लावला. मी जखम बघायच्या तयारीनं शेवाळ बाजूला केलं. दोऱ्याच्या वर, खोडाभोवती चहूबाजूंनी मुळं. जाड, पांढरट, पंज्यासारखी मातीत रोवलेली. पानांकडून खाली येणारं अन्न दोऱ्यानं अडवलं आणि वडानं तिथेच नवीन पाय काढले. बोन्सायमध्ये असा पायथा मिळावा म्हणून आम्ही मुद्दाम तार आवळतो. क्लासमध्ये ते शिकवायची मी फी घेतो. विसांतला सगळ्यात सुंदर वड आज हाच आहे, आणि त्याचं श्रेय माझ्याकडे येत नाही.

आता मी पहिलं झाड देताना आधी विचारतो, याचं घरी काय करणार? झाड कुठलं ते नंतर.

यंदा सुषमाच्या पूजेला पहिल्यापासून शेवटपर्यंत शेजारी उभा राहिलो. "काय हरवलंय?" तिनं विचारलं.

"काही नाही. कुंडीतल्या वडाला दूध घालायचं नसतं, एवढं सांगायचं होतं."

"मला माहितीये," ती म्हणाली. "एकतीस वर्षं मी पाणीच घालते. तुम्ही कधी विचारलं नाहीत."